काटा आमच्याकडे वळवा: हातातल्या बॅगेच्या वजनाबद्दल कोल्हापूरहून एक खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली
तसेच देशांतर्गत उड्डाणे करणाऱ्या सर्व विमान कंपन्यांचे व्यवस्थापन

विषय: केबिनमध्ये न्यायच्या सामानाचे वजन करण्याची पद्धत

महोदय,

हातातल्या बॅगेला ७ किलोंची मर्यादा असावी, याला माझी हरकत नाही. ती आज ज्या पद्धतीने राबवली जाते, तिला आहे. मोजायचं तर सगळ्यांचं मोजा, काही करता येईल अशा वेळी मोजा, आणि ज्याची बॅग काट्यावर आहे त्याला आकडा दिसू द्या. एवढ्याचसाठी हे पत्र लिहितोय.

मी कोल्हापुरात शाहूपुरीत तिकिटं काढून देण्याचा व्यवसाय करतो. पूर्वी आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक महालक्ष्मी एक्स्प्रेसचं नाहीतर आराम बसचं तिकीट मागायचं. २०१८ पासून लहान शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत उजळाईवाडीच्या आमच्या विमानतळावरून विमानं सुटू लागली, मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं, आणि ज्या घरांत आजवर कुणी विमानात बसलं नव्हतं, तिथली माणसं माझ्या टेबलासमोर येऊन बसायला लागली. छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ साली हा विमानतळ सुरू केला होता. त्याचा उपयोग गावातल्या साध्या माणसाला आत्ता कुठे व्हायला लागलाय, आणि त्यात माझाही थोडा हात आहे याचा मला अभिमान वाटतो.

या नव्या प्रवाशांचा मला फोन येतो तो बहुतेक वेळा बोर्डिंग गेटवरून. बोलणं ठरलेलं असतं. "जाताना कोल्हापुरात कुणी काही बोललं नाही. तीच बॅग, तेच कपडे. इथं बंगळुरूत आता बाजूला उभं केलंय, वजन जास्त आहे म्हणतात, पैसे भरा म्हणतात. काय करू?" मी काय सांगणार? दार बंद व्हायला दहा-पंधरा मिनिटं उरलेली असतात. भरा म्हणून सांगतो.

हे असं का होतं, ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी प्रवाशाच्या बाजूने ते कसं दिसतं ते सांगतो. वेब चेक-इन करा, रांग टाळा, असं कंपन्याच मेसेज पाठवून सांगतात. प्रवासी ते करतो. खाली, विमानाच्या पोटात टाकायला मोठी बॅग नसते, म्हणून तो काउंटरवर जातच नाही, थेट सुरक्षा तपासणीत शिरतो. तिथले जवान बॅगेत काय आहे ते बघतात, ती किती भरते हे बघणं त्यांचं काम नाही. पुढे तासभर तो त्या बॅगेशेजारी खुर्चीत बसून असतो. तेव्हाही कुणी येत नाही. रांग लागते, आणि मग एक कर्मचारी हातात काटा घेऊन रांगेतून चालत येतो, कुणाला थांबवतो, कुणाला जाऊ देतो. त्या क्षणी प्रवाशाकडे कुठलाच पर्याय उरलेला नसतो. सामान कुणाकडे परत देता येत नाही, काउंटरला परतता येत नाही, ऑनलाइन आधी जादा वजन घेतलं असतं तर कमी पैशात झालं असतं हेही आता कामाचं नाही.

सगळ्यात वाईट मला याचं वाटतं, की यातल्या कित्येकांच्या तिकिटात चेक-इनचे १५ किलो आधीच धरलेले असतात. ते त्यांनी वापरलेलेच नसतात. काउंटरवर कुणी "आजी, ही बॅग साडेआठ किलो आहे, खाली टाका" एवढं सांगितलं असतं, तर एक रुपया न देता ती बॅग गेली असती. माझ्याकडून नेहमी तिकीट घेणाऱ्या एका बाई मुलाकडे राहून परत येत होत्या. गेटवर त्यांच्याकडून पैसे घेतले, तेव्हा त्यांचे १५ किलो जसेच्या तसे पडून होते. त्यांना ते माहीत नव्हतं आणि तिथं कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या पावती घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांना पैसे परत नको होते. आपण काही चुकीचं वागलो का, एवढंच विचारायचं होतं. लोकांसमोर बाजूला उभं केल्याचं त्यांच्या मनाला लागलं होतं.

२०२१ च्या फेब्रुवारीत आपल्याच महासंचालनालयाने चेक-इनचं सामान नसलेल्या प्रवाशाला स्वस्त तिकीट द्यायची कंपन्यांना मुभा दिली. चांगला निर्णय होता, माझे विद्यार्थी प्रवासी त्यावरच फिरतात. पण त्या तिकिटावर जाणाऱ्याचं सगळं बिऱ्हाड ७ किलोंत बसवायचं असतं. त्याच्यासाठी अर्ध्या किलोचा फरक फार मोठा आहे, म्हणून त्याचं वजन तर सगळ्यात काळजीने आणि सगळ्यात आधी व्हायला हवं.

आता नियमाच्या कारणाबद्दल. सुरक्षेसाठी आहे, असं गेटवर सांगितलं जातं, आणि विमानाच्या सुरक्षेचं नाव निघालं की आमचा माणूस लगेच गप्प होतो. पण विमानाचा भार आणि तोल मांडताना प्रत्येक प्रवाशाला काही काट्यावर उभं करत नाहीत. हातातल्या सामानासकट माणशी एक ठरावीक वजन धरतात. गेटवर बॅग जास्त भरली की कर्मचारी स्वतःच सुचवतात, जर्किन अंगात घाला, चार्जर खिशात टाका. बॅग सातवर येते आणि प्रवासी पुढे जातो. विमानात चढलेलं वजन होतं तेवढंच राहिलं.

म्हणून माझी विनंती आहे की खरी कारणं सांगा, ती पटण्यासारखी आहेत. आमच्याकडे येतात ती एटीआर-७२ आणि एम्ब्राएर जातीची विमानं. त्यांचे डोक्यावरचे कप्पे मोठ्या विमानांपेक्षा लहान. छोट्या एम्ब्राएर-१४५ मध्ये तर एका बाजूला एकच खुर्ची, आणि कप्पे दुसऱ्या बाजूलाच. दहा जणांनी मोठ्या बॅगा आणल्या की अकराव्याची छत्रीसुद्धा बसत नाही. जड बॅग वर चढवताना हवाई सेविकांच्या पाठीला इजा होते. कप्पा उघडताना ती खालच्या माणसाच्या डोक्यात पडू शकते. हे सगळं खरं आहे आणि कोल्हापूरच्या माणसाला सांगितलं तर त्याला ते कळतं. पण कारण कप्प्यातल्या जागेचं असेल, तर मोजमाप आधी आकाराचं हवं. लांबी, रुंदी, उंची मिळून ११५ सेंटिमीटर हा आकडा कंपन्यांच्या अटींत आहे, तो मोजायचा सांगाडाही विमानतळांवर असतो. मऊ कापडाची छोटी पण आठ किलोंची बॅग अडवली जाते आणि कडक कवचाची ट्रॉली साडेसहा किलो भरली म्हणून जागा अडवत आत जाते, हे मला प्रवाशांना समजावून सांगता येत नाही.

आमच्या जिल्ह्याचा एक वेगळा प्रश्न आहे, त्यावर थोडं सविस्तर लिहू द्या. कोल्हापूर धातूचं गाव आहे. विमानतळाला लागून गोकुळ शिरगावची एमआयडीसी, पलीकडे शिरोलीची. तिथल्या फौंड्रीत गाड्यांचे आणि पंपांचे सुटे भाग ओतले जातात. नमुन्याचं कास्टिंग घेऊन माणूस सकाळी मुंबईला किंवा बंगळुरूला ग्राहकाकडे निघतो. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, घनता पाण्याच्या सातपटीहून थोडी जास्त. म्हणजे पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीएवढी जागा घेणारा तुकडा सात किलोंच्या वर जातो. बॅग अर्धी रिकामी आणि काटा पूर्ण भरलेला. तो नमुना खालच्या सामानात टाकावा, तर आदळआपट झाली आणि कडा उडाली की ग्राहकासमोर दाखवायला काही उरत नाही.

हुपरीचं याहून अवघड. हातकणंगले तालुक्यातल्या या गावची चांदी, त्यातही पैंजण, देशभर जातात. व्यापारी माल घेऊन फिरतो. कंपन्यांच्या वाहतुकीच्या अटी वाचल्या तर त्यांत स्पष्ट लिहिलेलं असतं: दागिने, मौल्यवान धातू, रोकड, महत्त्वाची कागदपत्रं, इलेक्ट्रॉनिक वस्तू चेक-इनच्या सामानात ठेवू नका, त्याची जबाबदारी आम्ही घेणार नाही. शिवाय विमान प्रवाशांसाठीच्या २०१९ च्या सरकारी सनदेप्रमाणे देशांतर्गत प्रवासात सामान हरवलं किंवा खराब झालं तर भरपाईची कमाल मर्यादा २०,००० रुपये. तेवढ्यात बॅगभर चांदीचा एक कोपरासुद्धा भरून निघत नाही. म्हणजे खाली टाकू नका हेही कंपनीच सांगते, आणि वर सात किलोंच्या पुढे नेऊ नका हेही कंपनीच. मग त्या माणसाने कुठे ठेवायचं? काही कंपन्यांकडे आधी नोंदवून केबिनचं वजन वाढवून घ्यायची सोय आहे. ती सगळ्यांकडे हवी, दर तिकिटाच्या पानावर छापलेला हवा, आणि अशा बॅगेला वेगळा टॅग हवा, म्हणजे गेटवर परत वाद होणार नाही.

आजारी माणसांचंही तसंच. इन्सुलिन गोठलं तर निकामी होतं, म्हणून डॉक्टर ते हातातच ठेवायला सांगतात. थंड ठेवायच्या पिशवीसकट त्याचं वजन होतंच. लहान बाळाचं दूध-खाणं, कुबड्या, घडीची व्हीलचेअर, काठी, बाईंची पर्स, लॅपटॉप या गोष्टी एका बॅगेव्यतिरिक्त नेता येतात असं अनेक कंपन्यांच्या अटींत लिहिलेलं आहे. ती यादी मी माझ्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवतो. गेटवर ती दाखवली की कधी मान्य होते, कधी "ते आम्हाला माहीत नाही, सगळं एकत्र काट्यावर ठेवा" असं उत्तर येतं. औषधांचा उल्लेख तर त्या यादीत धडपणे नाहीच. तो आपण घालावा.

आता मूळ मुद्दा, काट्याचा.

मी शिरोळ तालुक्यातल्या ऊस लावणाऱ्या घरात वाढलो. आमच्याकडे काटा ही साधी गोष्ट नाही. भरलेली ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर किती भरते, त्यावर घराचं वर्ष ठरतं. काटामारीविरुद्ध शेतकरी संघटनांनी वर्षानुवर्षं झगडा दिला, काटे डिजिटल करा, बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला ऊस नाकारू नका, अशा मागण्या रस्त्यावर उतरून केल्या. शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे तोलताना शेतकरी आजही आकड्यावर नजर ठेवून उभा असतो. अशा मुलखातला माणूस विमानतळावर जातो आणि तिथं त्याला दिसतं, की काटा कर्मचाऱ्याच्या हातात लोंबकळतोय, आकडा कर्मचाऱ्याच्या बाजूला आहे, बॅग हलतेय तसा तोही हलतोय, आणि तोंडी सांगितलं जातं, "आठ-दोनशे". घरी भाजीवाल्याच्या शिक्क्याच्या काट्यावर तीच बॅग सहा-नऊशे भरली होती. कुणाचं खरं, हे ठरवायला तिथं काहीच नसतं.

वजन-मापांवर देखरेख ठेवणारा वैधमापन कायदा २००९ चा आहे आणि १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. त्यात व्यवहार म्हणजे फक्त खरेदी-विक्री नाही. दिलेल्या सेवेचं मोल वजनावरून ठरवणंही त्यात येतं. किलोमागे पैसे घ्यायचे तर तो काटा तपासून, शिक्का मारून घेतलेला असलाच पाहिजे. लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानदाराला हे बंधन आहे, खातं येऊन तपासतं, शिक्का नसेल तर दंड करतं. मग शेकडो, कधी हजारो रुपयांची पावती ज्या काट्यावर फाडली जाते, त्याला वेगळा न्याय का असावा? प्रत्येक काट्यावर शिक्का आणि तपासणीची तारीख प्रवाशाला वाचता येईल अशी लावा. हातात लोंबकळणारा काटा पैसे आकारायला वापरूच नका. टेबलावर ठेवलेला सपाट काटा वापरा, दोन्ही बाजूंना आकडा दिसणारा. आणि काट्या-काट्यांत फरक असतो हे मान्य करून निदान अर्ध्या किलोची सूट नियमातच लिहून टाका, म्हणजे ती सूट देणं-न देणं कुणाच्या मर्जीवर राहणार नाही.

एक गोष्ट थेट सुरक्षेची आहे आणि तिच्याबद्दल मला खरंच भीती वाटते. गेटवर घाईघाईत बॅग काढून घेऊन विमानाच्या पोटात टाकतात, तेव्हा त्यात पॉवर बँक आहे का, हे प्रत्येक वेळी विचारलं जात नाही. लिथियम बॅटरीची पॉवर बँक खालच्या सामानात चालत नाही, ती केबिनमध्येच हवी, कारण आग लागली तर तिथं निदान कुणाच्या तरी लक्षात येते. नवखा प्रवासी आधीच गोंधळलेला असतो, त्याला आठवत नाही. माझ्या गिऱ्हाइकांपैकी काहींनी घरी पोचल्यावर मला सांगितलंय की ती बॅगेतच राहिली होती. बॅग खाली पाठवायच्या आधी बॅटरी, औषधं, मौल्यवान वस्तू आणि कागद काढून घेतले का, हे विचारून टॅगवर सही घेणं सक्तीचं करा. यात दोन मिनिटंही जात नाहीत.

गेटवरच्या कर्मचाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, हे मनापासून लिहितो. त्यातली पुष्कळ मुलं-मुली आमच्याच गावांतली आहेत, बारा तास उभं राहतात, शिव्या खातात. २०२५ च्या जुलैमध्ये श्रीनगर विमानतळावर हातातल्या जादा सामानाच्या वादातून कर्मचाऱ्यांना जबर मारहाण झाल्याची बातमी सगळ्या देशाने पाहिली. मारहाणीला कुठलंही कारण पुरेसं नाही. पण शेवटच्या पाच मिनिटांत, दाटीवाटीत, पैशांवरून वाद घालायला या मुलांना पुढे उभं करणारी व्यवस्था बदलणं आपल्या हातात आहे. युरोपात रायनएअर कंपनी मोठी बॅग पकडून देणाऱ्या कर्मचाऱ्याला बॅगेमागे बक्षीस देते, आणि २०२५ मध्ये तिने ते वाढवून अडीच युरो केलं. आपल्याकडे असं काही होऊ नये, यासाठी आत्ताच स्पष्ट मनाई करा. वजन करणाऱ्याचा वजनात फायदा असता कामा नये.

युरोपचंच दुसरं उदाहरण देतो. युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये एका निकालात म्हटलं, की वाजवी वजन-आकारातली आणि सुरक्षेच्या नियमांत बसणारी हातातली बॅग हा प्रवासाचाच आवश्यक भाग आहे, तिच्यासाठी वेगळे पैसे लावता येत नाहीत. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये स्पेनच्या सरकारने हातातल्या सामानाचे पैसे घेण्यासारख्या प्रकारांबद्दल पाच स्वस्त विमान कंपन्यांना मिळून १७.९ कोटी युरो दंड केला. आपल्याकडे निदान एक बॅग मोफत आहे, ही चांगली गोष्ट आहे. ती तशीच राहावी, आणि सगळ्या कंपन्यांचं माप एकच असावं. आज प्रत्येक कंपनीच्या आकारात थोडा-थोडा फरक आहे; मुंबईत एका कंपनीच्या विमानातून उतरून दुसरीच्या विमानात बसणाऱ्या कोल्हापूरकराने कुठल्या मापाची बॅग विकत घ्यायची? आखातातून येणाऱ्यांची अवस्था सगळ्यात बिकट. मोठ्या विमानात जे चाललं ते शेवटच्या तासाभराच्या प्रवासाला चालत नाही, आणि हातात ड्यूटी-फ्रीची पिशवी असते ती वेगळी. कप्पा लहान आहे म्हणून बॅग खाली पाठवायची वेळ आली, तर ती फुकट पाठवा. विमान लहान असणं हा प्रवाशाचा गुन्हा नव्हे.

माझी सूचना अशी आहे, की हे आधी कोल्हापुरात करून बघा. आमचं टर्मिनल आटोपशीर आहे, दिवसाची उड्डाणं मोजकी आहेत. सुरक्षा तपासणीच्या दाराआधी शिक्क्याचे दोन सपाट काटे आणि आकाराचा एक सांगाडा ठेवा. वेब चेक-इन केलेल्यानेही तिथं बॅग ठेवून टॅगवर वजनाचा ठसा घ्यायचा. जास्त भरली तर काउंटर चार पावलांवर आहे, तिकिटातले १५ किलो वापरायचे किंवा आधी नोंदवल्यावर लागतो त्या कमी दरात पैसे भरायचे. एकदा ठसा पडला की गेटवर पुन्हा वजन नाही, आणि परतीच्या विमानतळावरही हीच पद्धत. शेजारी मराठीत फलक, त्यावर काय वेगळं नेता येतं ती यादी, दर, आणि एअरसेवा पोर्टलवर तक्रार कशी करायची ते. पैसे घेतले तर पावतीवर वजन, वेळ आणि काट्याचा क्रमांक छापलेला असावा. ही पद्धत चालली, तर हैदराबाद आणि बंगळुरूला तिचा मार्ग आपोआप खुला होईल, कारण आमची विमानं तिथंही जातात.

मराठी फलकाचा मजकूर लिहून द्यायला मी तयार आहे, त्यासाठी मोबदला नको. या पत्राचं उत्तर निदान एवढ्या एका मुद्द्यावर यावं: पैसे आकारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काट्यांवर वैधमापन खात्याचा शिक्का आज आहे का, आणि नसेल तर तो कधीपर्यंत असेल. उत्तर आलं की मी ते दुकानाच्या काचेवर लावीन, रोज येणारे प्रवासी ते वाचतील.

आपला नम्र,
शाहूपुरीतला एक तिकीट एजंट
कोल्हापूर